काशीच्या पायाची चिंधी

यष्टी पाथर्डीतून निघाली तवा नुकतं उजाडलं हुतं. शेजारी माझी नात, काशी. तिला आई न्हाई. बाप, म्हंजी माझा ल्योक, ऊस तोडतो आन मी मागं मोळ्या बांधते. आजवर हिला संग न्हेली. आता पोर हाताला आली, औंदा न्हेली तर कोयताच धरंल. माझंबी तसंच झाल्तं. म्हनून न्येवाश्याकडं आमच्यासारख्यांच्या लेकरांची ऱ्हायची शाळा हाय, तिथं घालाया निघाल्ते.

करंजीच्या घाटात काशीला वकारी झाली. कंडक्टर वरडला, "मावशे, लेकराला खिडकीशी बसवायचं न्हाई व्हय?"

"खिडकी तुमच्या पाव्हन्यानं धरलीया न्हवं!"

खिडकीतला बुवा गुमान उठला.

नगरला गाडी बदलली. भाकर-ठेचा खाल्ला. पुढं दोन्ही अंगाला ऊसच ऊस. काशी म्हनली, "आज्जे, ह्यो कवा तोडायचा?"

शाळा म्हंजी पत्र्याच्या खोल्या आन एक लिंब. हेडसर म्हनले, "आजी, शाळा जूनला सुरू होते. आता दिवाळी उलटली."

मला वाटलं हुतं, कारखान्याचा बॉयलर पेटला का शाळाबी भरत आसंल. आमचं समदंच तवा सुरू व्हतं.

"मंग माघारी न्हेऊ का?"

सरांनी पोरीच्या हाताकडं बघितलं. पाचटानं (उसाच्या वाळल्या पाल्यानं) चिरलेले हात. "नका नेऊ," म्हनले.

बाईंनी निजायची खोली दावली. वळीनं सतरंज्या. काशीनं इचारलं, "माझा पाय कुनाच्या पायाला बांधायचा?"

बाईंना उमगंना. मंग मीच सांगितलं. आमच्या कोपीला (पाचटाच्या झोपडीला) दार नसतंय. उसात बिबट्या. निजताना लुगड्याची चिंधी लेकराच्या पायाला बांधायची, दुसरं टोक आपल्या पायाला. वढ बसली का जाग येती.

"इथं दाराला कडी आहे, बाळा. बांधायला लागत नाही."

काशीनं कडी लावून बघितली. काढून बघितली. मंग माझा पदर धरला. "मी न्हाई ऱ्हायची. आज्जेला वढून न्हेलं तर कुनाला कळंल?"

मी म्हनलं, "मी बांधून घीन की गं. सोड आता."

तिनं पदर सोडला. रडली न्हाई. मी फाटकातून मागं बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर घिऊनच आले आसते.

आता कारखान्यावर हाय. थंडी लई. निजताना चिंधी पायाला बांधते, दुसरं टोक कोपीच्या मेढीला (खांबाला). ल्योक म्हनतो, "म्हातारे, यडी झालीस का?" म्हनू दे. पोरीला शब्द दिलाय.

कूस बदलली का वढ बसती, जाग येती. हात लावून बघते, तर मेढच आसती. पोर तिकडं कडीच्या आत निजलीया. मंग मी परत डोळं मिटते.