खालच्या नळीतलं काडतूस

इब्राहिमभाई गेल्याचं मला हेदवीच्या बाजारात कळलं, तेव्हा दफन केव्हाच उरकलं होतं. वेळणेश्वरचा हा माझा मित्र जन्मात कधी अंथरुणाला खिळला नाही, आणि खिळला तो उठलाच नाही... दुःखाआधी मला त्यांचा रागच आला.

उमेदीची वर्षं बोटीवर नोकरीत घालवून ते गावी परतले ते एक बंदूक घेऊन. मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाकडून मुंबईत विकत घेतलेली. आमच्याकडच्या दुनळी बंदुकांच्या नळ्या शेजारीशेजारी असतात. हिच्या एकीवर एक. लोक हसले. भाई मला म्हणाले, "तुमच्या त्या जावा-जावा, मास्तर. ह्या मायलेकी." पुढे रानडुकरं भातात शिरली, की हसणारेच त्यांच्या दारात उभे. डुक्कर त्यांना वर्ज्य. मारायचं त्यांनी आणि खायचं वाडीने! बंदुकीच्या मालकाचा मानाचा वाटा ते सखारामला देत. सखाराम आमचा हाकारा. आरडाओरडा करत रान उठवायचा.

खारा वारा लोखंडाला सोडत नाही. शिकारीहून आले की भाई पाय धुण्याआधी बंदूक घेऊन बसत. गजाला चिंधी गुंडाळून दोन्ही नळ्या पुसायच्या, आभाळाकडे धरून आतून बघायच्या, मग मशीनच्या तेलाचा हात. मी एकदा खोबरेल पुढे केलं, तर म्हणाले, "ते डोक्याला लावा. थंडीत गोठतं." गवसणीत ठेवली की घाम धरते, म्हणून ती भिंतीवर उघडीच असे.

एकदा माझा पुण्याचा पाहुणा हौसेने शिकारीला आला. भाईंनी भिडेखातर बंदूक त्याच्या हाती दिली. डुक्कर दिसताच त्याने बार काढला, तो हुकला. घाईत दोन्ही चाप ओढले असं त्याला वाटलं. त्याने बंदूक अर्धवट मोडली, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडली, वरचं रिकामं काडतूस काढून टाकलं आणि "झाली रिकामी" म्हणत मिटली. नळीचं तोंड सखारामकडे. तो बांधावर बसून मुंडासं बांधत होता.

भाईंनी बंदूक काढून घेतली, तोंड जमिनीकडे केलं आणि ती पुरती मोडली. तेवढी मोडल्याशिवाय खालची नळी दिसतच नाही. आत भरलेलं काडतूस होतं. ते त्यांनी पाहुण्याला नाही, सखारामला दाखवलं. "सखाराम, हे तुझ्या नावाचं होतं. माझ्या बंदुकीतलं."

शिकार तिथेच थांबली. डुकरं माझ्या भातात शिरायची ती शिरलीच. मी कुरकुरलो, "चूक पाहुण्याची, तुम्ही का थांबता?" ते म्हणाले, "बंदूक माझी, मास्तर." त्यानंतर ती त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही, माझ्याही नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

परवा सखाराम भेटला. यंदाही डुकरं आलीत, दुसऱ्या एका बंदूकवाल्याने त्याला बोलावलंय. जाणार का, मी विचारलं.

"भाईंच्या बंदुकीपुढं मी डोलं मिटून जायचो, मास्तर," तो म्हणाला. "आता पाय उठत नाय."