भरताचं वांगं, भाजीचं वांगं

आधीच सांगते, शुद्धलेखन चुकेल. अक्षरही वाकडं आहे, शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लाज वाटते.

माहेर जळगावकडचं, सासर धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचं, म्हणून धुळ्याच्या एका भाजी विकणाऱ्या संस्थेनं मला बोलावलं. जळगावची भाज्यांची यादी धुळ्याच्या यादीशी जुळवायची होती, म्हणजे फोनवर कुठल्याही नावानं मागितलं तरी तीच भाजी मिळावी. मी एकेक जोडी बघून ‘तेच’, ‘त्यातलाच एक प्रकार’ किंवा ‘वेगळं’ असं लिहायचं. जोडीमागे दहा रुपये.

जळगावचं ‘भरताचं वांगं’, धुळ्याचं ‘वांगं’. मी लिहिलं, त्यातलाच एक प्रकार. तपासताना संस्थेच्या साहेबांनी त्यांची उत्तरांची यादी माझ्या कागदाशेजारी धरली. तिच्यात होतं, ‘तेच’. लाल फुली. अशा चाळीस फुल्या, आणि प्रत्येक फुलीचे पैसे कापले.

“साहेब, भरताचं मोठं असतं, हिरवं,” मी कसंबसं म्हटलं.

“ताई, वांगं ते वांगं. आमची यादी चुकली आणि चौथी पास बरोबर?”

ऑफिसातले सगळे हसले. मी खाली बघत राहिले. अजून राग जात नाही. त्यांच्यावर आहेच, पण माझ्या गप्प बसण्यावर जास्त. ज्या यादीशी ताडून बघता तीच खोटी असेल तर खऱ्यालाच फुली बसणार. त्यांची यादी कुणी तपासली होती?

पुढे संस्थेनं शेतात भरीत पार्टी ठेवली, मलाही बोलावलं. साहेबांनी मोठ्या ऐटीत जुळवलेल्या यादीवरूनच धुळ्यातून भरताची वांगी मागवली. भाजायला कपाशीच्या काड्या रचून तयार, आणि पोत्यातून निघाली बारकी, जांभळी, काटेरी वांगी.

भरीत करणारी अक्का कडाडली, “हाई तं बठ्ठा भाजीना वांगा शेतस, भाऊ!” सगळी भाजीचीच वांगी, भरताचं एकही नाही.

“यादीत तर बरोबर होतं,” साहेब म्हणाले.

“मंग ती यादीच भाज!”

तेव्हा मी पुढे झाले. “माझा कागद काढा. फुली मारलेली प्रत्येक भाजी दोन्हीकडच्या बाजारातून आणा, समोरासमोर ठेवा, मग ठरवा.” आवाज फाटला, पण बोलले.

आठवड्यानं टेबलावर भाज्या मांडल्या. अक्का आणि आणखी दोघी भाजीवाल्यांनी माझा कागद न बघता निवाडा केला. दोन जोड्या माझ्या खरंच चुकल्या होत्या. त्यांचे पैसे मी मागितले नाहीत. अडतीस बरोबर निघाल्या.

साहेबांनी माफी मागितली नाही, पाकीट पुढे सरकवलं. मी तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहून पैसे मोजले. तीनशे ऐंशी. पूर्ण होते.