उद्या साडेबारा

जिल्ह्याच्या बातम्यांचे टपाल आमच्या कचेरीत दुपारी येते. त्या दिवशीच्या टपालात अलिबागच्या वार्ताहराने पाठवलेली चार ओळींची बातमी होती. खाडीकाठच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक दामोदर जोगळेकर यांचे राहत्या जागी निधन झाले, ते मूळचे वाईचे, त्यांच्या मागे जवळचे असे कोणी नाही. बातमी तपासणे हे माझे काम. ‘दुःखद’ हा शब्द मी काढला. तो आम्ही सगळ्यांच्याच बाबतीत काढतो. शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली... ओळ खोटी नव्हती, पण माझ्या माहितीप्रमाणे पुरती खरीही नव्हती. चार ओळींच्या जागेत याहून अधिक काही सांगता येत नाही. ओळ तशीच छापून आली. आता महिना उलटला आहे आणि जागाही थोडी जास्त मिळाली आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी त्या शाळेत जोगळेकर गुरुजींच्या हाताखाली शिक्षक होतो. गाव अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. अलीकडच्या काठावर नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शाळा, पलीकडच्या काठावर कोळीवाडा, आणि मध्ये पाणी. शाळा आधी चौथीपर्यंतच होती. पाचवी, सहावी आणि सातवी हे वर्ग नवे होते आणि त्यांना मिळालेली मंजुरी तात्पुरती होती. पट टिकला नाही तर वर्ग बंद होणार, हे स्कूल बोर्डाने स्पष्ट कळवले होते. वाडीवाल्यांची मुले नातेवाइकांकडे राहून अलिबागला शिकू शकली असती. कोळीवाड्यातल्या मुलांचे शिक्षण चौथीला संपले असते. गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी हे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, “हे वर्ग ज्यांच्यासाठी आहेत, नेमके तेच उशिरा येतात.”

उशिरा येणाऱ्याने पहिला तास पडवीत उभे राहायचे, असा त्यांचा नियम होता. काही दिवस पडवीत चिटपाखरू नसे. काही दिवस अख्खा कोळीवाडा तिथे उभा असे. हा निष्काळजीपणा आठवड्या-आठवड्याने कसा चढतो आणि उतरतो, याचे गुरुजींना नवल वाटे. ते विधुर होते, मूलबाळ नव्हते. शाळेच्या टोकाच्या खोलीत एकटे राहत. वाईहून आलेल्या या माणसाने समुद्र नोकरीच्या निमित्तानेच पहिल्यांदा पाहिला होता, आणि पाहून झाल्यावर त्याच्याकडे पाठ करून तो वर्गात गेला होता. पुढे पावसाळा संपता संपता पलीकडची मुले यायचीच बंद झाली. दोन दिवस वाट पाहून, शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर, गुरुजी होडीने पलीकडे गेले. मी बरोबर होतो.

होडी धाकू नाखव्याची. त्याची मुलगी यमुना सहावीत होती. धाकूने आम्हाला अंगणात, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या शेजारी बसवले. गुरुजींनी विचारले, “मुले का येत नाहीत?”

“येतील की. तुमी उभं करता म्हनून रुसलीत. पानी आलं का येतो, न्हाय आलं तर कसं येनार?”

“मग पाणी रोज वेळेवर का येत नाही?”

अंगणात जमलेली माणसे एकदम हसली. धाकूची बायको हिराबाई चुलीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, “वाईला नदी हाय ना, गुरजी? ती जात आसंल घड्याळावर.”

गुरुजींना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. ते उठले, धक्क्याकडे चालू लागले आणि थांबले. खाडीत पाणी नव्हते. होडी एका कुशीवर गाळात पडली होती, आणि दोन्ही काठांच्या मध्ये नुसता चिखल चमकत होता. मागून धाकू आला. “आता संध्याकाळपातूर बसा. गुरजीलाच उशीर झाला... पडवीत उभं कोन करील?”

आम्ही तिथे अंधार पडेपर्यंत बसलो. हिराबाईने मासळी न लागलेले भांडे शोधून, घासून-पुसून, त्यात पीठ मळले आणि तांदळाची भाकरी गुळाबरोबर दिली. गुरुजी पाणी कुठून कसे वर येते ते पाहत राहिले. तिथीप्रमाणे भरती कशी पुढे सरकते, हे त्यांनी धाकूकडून दोनदा समजून घेतले. परतताना होडीत मला म्हणाले, “आपण पोरांना चंद्राबद्दल शिक्षा करत होतो.” सोमवारी पलीकडची मुले उशिरा आली तरी पडवी मोकळी होती, आणि ती पुढेही मोकळीच राहिली.

त्यानंतरच्या पालकसभेत त्यांनी नवे वेळापत्रक मांडले. मुलांना होडीने येता यावे आणि होडीनेच परत जाता यावे, अशा बेताने शाळा भरेल. चतुर्थी-पंचमीला दुपारी, अष्टमीला सकाळी लवकर, एकादशीला त्याहून लवकर भरून जेवणाआधी सुटेल. शाळेच्या खांबावर एक दगडी पाटी टांगलेली राहील आणि तिच्यावर रोज दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिलेली असेल. अलीकडच्या काठाला हे पसंत पडले नाही. आप्पांची वाडी गावात सर्वांत मोठी, शाळा समितीत त्यांचा शब्द चाले. ते म्हणाले, “एकादशीला सकाळी, पंचमीला दुपारी... गुरुजी, ही शाळा आहे की व्रत?”

सभा हसली. कोळीवाड्यातल्या बायका मागे दाराशी उभ्या होत्या. त्यांतून हिराबाई बोलली. “आप्पा, तुमचं नारळ आमच्याच होडीनं जातात ना? तवा तुमी पान्याची वाट बघत धक्क्यावर बसून ऱ्हाता. तवा न्हाय म्हनत कधी, व्रत हाय का काय.”

आप्पांनी उपरणे सारखे केले. मग ते म्हणाले, “बरं. पण पाटी ठळक अक्षरात लिहा. मला लांबचं दिसत नाही.”

पुढे जे झाले ते कुणी ठरवून केले असे म्हणता येणार नाही. मुलांना आणण्या-नेण्याच्या पाळ्या कोळीवाड्याने आपसांत लावून घेतल्या. पाणी चुकले तर मुलांना बसायला आडोसा हवा, म्हणून आप्पांनी आपल्या माडांची झापे देऊन अलीकडच्या धक्क्यावर एक छप्पर घातले आणि ‘पावसात माझी माणसं भिजतात’ असे कारण सांगितले. सकाळच्या शाळेला पलीकडची मुले उपाशी येतात हे लक्षात आल्यावर वाडीतल्या बायकांनी पेजेचे पातेले पाठवायला सुरुवात केली. आम्हा शिक्षकांपैकी एक जण शेवटची होडी सुटेपर्यंत थांबू लागला, आणि त्या वेळात मागे पडलेल्या मुलांचे गणित होऊ लागले. पट टिकला. त्याच्या पुढच्या वर्षी सातवीचा वर्ग पहिल्यांदा भरला.

पाटी लिहिण्याचा कार्यक्रम शाळा सुटल्यावर होई. गुरुजी पंचांग पाहून वेळ लिहीत. शेवटची खेप घ्यायला आलेला धाकू ती वाचायला लावी, खाडीकडे आणि वाऱ्याकडे पाही आणि मान हलवी. “अर्धा तास चुकलात, गुरजी.”

“पंचांगात असंच आहे.”

“पंचांग घरात ऱ्हातं. कोरडं हाय.”

मग वाद होई. कधी पंचांग बरोबर ठरे, कधी धाकू. चुकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ती चूक मोठ्याने कबूल करायची, असा त्यांचा करार होता. दिवसभरात गुरुजी हसत ते बहुधा एवढ्याच वेळी.

वर्गांची मंजुरी कायम करायची की नाही हे ठरवण्यासाठी शाळा तपासणारे दिपोटी साहेब मुलांची परीक्षा घ्यायला यायचे होते. साहेब अकराला येणार, आणि त्या दिवशी पंचमी होती. पाटीप्रमाणे शाळा एकला भरणार होती. मी सुचवले की त्या एका दिवसापुरते मुलांना रात्री अलीकडे ठेवून घ्यावे. गुरुजी म्हणाले, “नको. जे करतो ते साहेबांना सांगायचं. लपवायचं असेल तर करायचं कशाला?” पाटीवर त्यांनी नेहमीप्रमाणे ‘उद्या एक’ असे लिहिले आणि धाकूला बजावले की कुणीही घाई करू नये.

साहेब टांग्यातून वेळेवर उतरले. समोर अर्धा रिकामा वर्ग होता. गुरुजींनी कोट घातला होता, ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आज पंचमी आहे. शाळा एकला भरेल.” साहेबांनी विचारले, हे कुठल्या नियमात बसते? गुरुजी पाटीकडे बोट दाखवून खाडी, होडी, तिथी असे सगळे सांगू लागले, आणि त्यांचे सांगणे अर्ध्यावर असतानाच धक्क्याच्या वाटेवरून माणसे येताना दिसली.

गुरुजींची लाज राखायची असे कोळीवाड्याने आपसांत ठरवले होते. भर ओहोटीत, मांडीपर्यंतच्या गाळातून, पुरुषांनी मुलांना खांद्यावर घेऊन खाडी ओलांडली होती. सगळ्यांत पुढे धाकू होता. यमुना खांद्यावर बसायला तयार झाली नव्हती. ती कमरेपर्यंत चिखलाने माखलेली, दप्तर डोक्यावर धरून चालत आली. साहेबांनी घड्याळ पाहिले. “मुख्याध्यापक, तुमची मुलं तर वेळेवर आली आहेत.”

“नाही, साहेब,” गुरुजी म्हणाले. “लवकर आली आहेत.”

साहेबांनी यमुनेला विचारले, रोज अशीच येतेस का?

“नाही. रोज पाटी बघून येतो. आज तुमी आलात म्हनून.”

साहेबांनी चिखलाने माखलेल्या त्या रांगेकडे पाहिले. मग त्यांनी आप्पांच्या वाडीतून पाणी आणवले, मुलांना पाय धुवायला सांगितले आणि तोवर परीक्षा थांबवली. महिन्याभराने मंजुरी कायम झाल्याचे पत्र आले. शाळेची वेळ मुख्याध्यापकांनी ठरवावी, अशी मुभाही त्यात होती. गुरुजींनी धाकूला पत्र वाचून दाखवले आणि वर रागावून म्हणाले, “मी एकला या म्हटलं होतं.” धाकू म्हणाला, “व्हय. पर तुमी आमच्यासाठी घड्याळ सोडलं, मंग आमी एक दिस पानी सोडलं.”

मी पुढे वर्तमानपत्रात आलो. शाळेच्या बातम्या अधूनमधून कळत. यमुना सातवीची परीक्षा पास झाली, शिक्षिका झाली, आता दिवेआगरला असते. तिच्यामागून कोळीवाड्यातून दर वर्षी मुले पास होत गेली. धाकू वारला. नव्या राज्यात रस्ते झाले, खाडीवर पूल झाला आणि होडी बंद पडली. शाळा सगळीकडच्या शाळांसारखी अकराला भरून पाचला सुटू लागली. ज्यासाठी इतकी माणसे झटली ते सगळे सोपे झाले. एवढे सोपे, की कुणाला कुणाची गरज उरली नाही. गुरुजी निवृत्त झाले. वाईला त्यांचे कोणी नव्हते, म्हणून आप्पांच्या मुलाने वाडीतली एक खोली त्यांना राहायला दिली. पलीकडची मुले पुलावरून परस्पर शाळेत जात. त्या वाटेवर ही खोली लागत नसे.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटलो, ते शेवटचे. जुनी दगडी पाटी त्यांच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली होती. त्यांनी चहा केला. दोन कप काढले, आणि एका कपातला कोळी आधी झटकावा लागला. संध्याकाळी बोलता बोलता ते उठले, पंचांग पाहिले, पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिली. अक्षर ठळक होते. मी विचारले, आता हे कुणासाठी?

“कुणासाठी नाही. सवय आहे.” फडके पिळत म्हणाले, “लिहायला अडचण काही नाही. पण पूर्वी चूक काढायला धाकू यायचा. आता बरोबर लिहिलं की चूक, ते कळत नाही...”

बातमी छापून आल्यावर तीन आठवड्यांनी मी तिकडे जाऊन आलो. गुरुजींनी नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाटी लिहिली आणि सकाळी दार उघडले नाही, एवढेच वाडीतल्या गड्याला सांगता आले. खोली अजून तशीच होती. सामान आवरायला यमुना दिवेआगरहून आली होती. सामान थोडेच निघाले. कोट, दोन कप, बरीच पंचांगे. यमुना आता शिक्षिकेसारखे शुद्ध बोलते. मृत्यूच्या दिवशी निरोप मिळताच आपण निघालो, असे तिने सांगितले. दुपारी इथे पोचली तेव्हा माणसे जमायची होती, म्हणून ती धक्क्यावर जाऊन खाडीकडे पाहत बसली. छप्पर केव्हाच पडले आहे, पण दगड आहेत.

पाटीवर ‘उद्या साडेबारा’ असे होते. ती कुणी पुसली नव्हती. यमुना तिच्यासमोर उभी राहिली. मला वाटले, ती आता फडके मागेल. तिने फक्त पाटीची वाकडी झालेली दोरी सरळ केली आणि वडिलांच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाली, “अर्धा तास चुकलात, गुरजी. त्या दिशी पानी एकला लागलं.”