आंब्याखालचा पेला

पिरायू गावचा खोगीरवाला तासियानो म्हणजे मोठी वल्ली. दातात सुई धरलेली असली तरी टोमणा मारायचा राहायचा नाही. त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभही वळू लागली, पण गिळणं काही परतलं नाही. घोटभर पाणी प्यायला की ठसका लागून जीव घाबरा. शेवटी डॉक्टरांनी पोटाला बारीक भोक पाडून थेट जठरात नळी बसवली. बायको देओलिंदा सिरिंजनं तिच्यातून पातळ खाणं सोडायची. तो पुन्हा अंग धरू लागला.

अडलं ते आंब्याखाली. तिथं सकाळी सगळे तेरेरे, म्हणजे सुक्या पानांचा गार चहा, प्यायला जमत. शिंगाचा एकच पेला, कुटलेल्या पुदिन्याचं बर्फगार पाणी, चोखायला एकच धातूची नळी, आणि जुना मित्र क्रिस्पिन भरून देई तसा पेला हातोहात फिरायचा. आता मात्र तो तासियानोला ओलांडून जायचा. मायेपोटीच हो, पण त्याला वाटायचं, आपल्याला भरल्या पंगतीतून उठवलं.

"क्रिस्पिन, मी काय भूत आहे? पेला पुढं ढकलतोस तो!"

"तुझ्यासमोर पिताना घशाखाली उतरत नाही रे, गड्या."

"मग ये, तुलाही नळी बसवू!"

सगळे हसले. पेला काही वळला नाही.

नळी तपासायला सुनिल्दा नर्स आली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "बाई, हिच्यातून तेरेरे जाईल का हो?"

ती खळखळून हसली. मग डॉक्टरांना फोन लावला. "चालेल म्हणतात. नाहीतरी खाण्यानंतर पाणी सोडून नळी धुवायचीच असते. पण फडक्यातून नीट गाळा, काडी अडकली तर नळी तुंबेल. बर्फगार नको, थंडसर. ताठ बसून, हळूहळू. तोंडातून मात्र थेंबही नाही."

दुसऱ्या दिवशी देओलिंदा फडकं आणि सिरिंज घेऊनच आंब्याखाली आली. क्रिस्पिननं बर्फ न घालता पेला भरला, जरा घुटमळला आणि तासियानोच्या हाती दिला. देओलिंदानं गाळलं, नळीचं टोपण उघडलं आणि सिरिंजनं हळूहळू आत सोडलं. सगळे माना लांबवून वाकले.

"काय वाटतंय रे?"

"गप! पोटात गार मासोळी पोहतेय."

तेवढ्यात त्याला दणदणीत ढेकर आली. त्याचे डोळे विस्फारले. वाट उलटी, पण चव जिभेवर पोचलीच की!

"पुदिना!" तो ओरडला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "पण चिमूटभरच घातलायस, कंजूष मेल्या."

क्रिस्पिननं डोळे पुसले आणि उठून कुंपणाकडचा पुदिना खुडायला गेला. पुढच्या फेरीचा पेला आधी तासियानोकडेच आला.