टाकीमागे राहिलेला कॅन
लबन म्हणजे इथलं, सौदीतलं ताक. त्याचा रिकामा कॅन विसळताना तो आंबूस वास आला की मला ताइफमधल्या आमच्या क्वार्टरची गच्ची आठवते. तिथल्या एका हिवाळ्यात मी असे सहा कॅन मधोमध कापून, माती भरून त्यात लॅव्हेंडर पेरलं होतं. पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं, हिवाळाभर उघड्यावर ठेवा. पण मी नवजात बाळांच्या वॉर्डातली सिस्टर. डोंगरातला गारठा वाढला तसं मला राहवेना. कॅन खोलीत आणले, हीटरजवळ मांडले, वर चक्क दुपटं पांघरलं. त्या पाच कॅनमध्ये नुसती बुरशी धरली. पाचच, कारण सहावा पाण्याच्या टाकीमागे राहून गेला होता. हिवाळा सरता सरता एका सकाळी तो दिसला. कडेला अजून बर्फाचा पापुद्रा होता आणि मधोमध मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी पानं, जोडी-जोडीने उभी. मी श्वास रोखून बघतच राहिले. कॅन उराशी धरून खाली हॉस्पिटलच्या बागेत गेले, तर म्हातारा पाकिस्तानी माळी हसला. "सिस्टर, ये ठंड खाके ही जागता है." आयुष्यभर मी जिवांना ऊब देत आले, आणि हे जीव थंडी खाऊन जागे झाले होते! काल शिकायला लांब निघालेल्या मुलीच्या बॅगेत मी तिसरा स्वेटर कोंबत होते. "आई, इनफ!" ती ओरडली. मी तो बाहेर काढला.