पाटावरची बंदूक

माझी सवत म्हणजे एक बंदूक होती. माझ्या उंचीहून लांब, नळीवर चांदीचे पट्टे, वात पेटवून उडवायची जुन्या काळची. सत्तरचे दशक सरत आले तेव्हा मी फॅमिली व्हिसावर बहरीनमधल्या मुहर्रकला आले. यजमान तिथे एका म्हाताऱ्या अरबाच्या फर्निचरच्या दुकानात सुतार होते. मालकाला सगळे अरबाब म्हणत.

वाळवंटातल्या कुठल्याशा लढाईत अरबाबाच्या पणजोबाने हीच बंदूक घेऊन गावाचा बुरूज राखला होता. पाणी संपले तरी बुरुजावरची माणसे खाली उतरली नाहीत, असे तो अभिमानाने सांगायचा. बंदुकीचा लाकडी दस्ता किडीने खाल्ला होता. तो अक्रोडाच्या लाकडाचा नवा करायला त्याने ती यजमानांकडे दिली. दुकानात नको, घरी कर, म्हणाला. झाले, ती आमच्या एका खोलीच्या संसारात येऊन बसली.

लग्नानंतर कितीतरी वर्षे मी गावी सासूबाईंच्या हाताखाली काढली. आता कुठे नवरा वाट्याला आला, तर हे कामावरून आले की तिला मांडीवर घ्यायचे. जवसाचे तेल बोटाने दस्त्यात जिरवत बसायचे. एकदा मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले, तर म्हणाले, "जरा बाजूक हो गो, उजेड येवंदे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्या लाकडाचे एवढे लाड!

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आली. हे आंघोळीला गेले तसा मी पाट मांडला. रंधा, करवत, पटाशी ठेवली आणि त्यांच्यात तिलाही आडवी घातली. हळद-कुंकू लावले, कण्हेरीची फुले वाहिली. आमच्यात पूजलेले हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. म्हणजे एक अख्खा दिवस नवरा माझा.

"ह्यां काय केलंस?" हे ओरडले. "सांजेक अरबाब बघूक येतलो. कुंकू त्येका चलात?"

"मगे पुसा. पुजलेल्या हत्याराक हात लावा, मी बघतंय."

त्यांनी लावला नाही. मला घेऊन मनामाच्या बाजारात गेले. बांगड्यांच्या दुकानात मी विचारले, कुठला रंग घेऊ? "अक्रोडाचो," म्हणाले. समोर नुसत्या हिरव्या आणि लाल बांगड्या होत्या.

परतलो तर अरबाब दारात. आत येऊन तो पाटाकडे बघतच राहिला.

"पूजा किया, अरबाब," हे चाचरत म्हणाले. "आज हमारे में हथियार का दिन है."

ह्यांची नोकरी गेली तर व्हिसा गेला, आणि मी परत गावी. म्हातारा खाली बसला आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्याने कुंकू हळूच पुसले. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारात तो मुंबईला राहिलेला, हिंदी बरी बोलायचा.

"हमारे घर में इसको कोई देखता भी नहीं," तो म्हणाला. "तुमने फूल रखा. मेरे पास और पाँच है, वही बुर्ज की. इंशाल्ला, कल सब लाता हूँ."

यजमानांचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. मी बहरीनला उतरले तेव्हा हेच विमानतळावर घ्यायला आले होते. त्यांनी आधी बॅग हातात घेतली होती आणि जेवलीस का, एवढे विचारले होते. असे हसले नव्हते.