हिरी आजीनं गायलेली शिवी

हिरी आजी नसती तर मी निवडणुकीतून पळाले असते. हे मी कुणालाही सांगते, आणि सरपंच झाल्यापासून जरा मोठ्यानेच सांगते.

आजी डहाणूकडच्या वाड्यांत चिकू तोडायला जाते आणि लग्नसराईत आमच्या पाड्यांची धवलेरी असते. धवलेरी म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. तोंड फटकळ, नवरदेवालाही सोडत नाही.

तलासरीच्या डोंगराकडे आमचा पाडा. टेकडीवर खडीचा क्रशर येणार होता. टेकडी फोडली की खालचा झरा जाणार, म्हणून आम्ही बायकांनी पॅनेल उभं केलं. समोर तुकाभाऊ, क्रशरवाल्याची गाडी त्यांच्याच दारात. भर सभेत ते माईकवर म्हणाले, "ह्या कडूकंद खाणाऱ्या गाव चालवणार?"

कडूकंद रानात मिळतो. चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवला तरच घशाखाली उतरतो. घरातलं धान्य संपलं की आमचे लोक तो खात. सभा खो खो हसली. शाळेत पोरं माझ्या निलमला 'कडूकंद' म्हणू लागली, आणि तिनं शाळेत जायचं सोडलं. माझं अवसानच गळालं. नवऱ्याला सांगितलं, सोमवारी तहसीलला जाऊन अर्ज मागे घेते.

रविवारी तुकाभाऊंच्या पुतण्याचं लग्न. भावकीतलं, म्हणून गेले आणि मागे बसले. आमच्याकडे धवलेरी गाण्यातून टिंगल करते. ज्याचं नाव येईल त्यानं रागवायचं नाही, हसून तिला ताडीचा पेला द्यायचा. आजीनं आधी वरमाईला घेतलं, मग करवल्यांना. मग आवाज चढवला:

"कडूकंद खाणाऱ्या आल्या गं बाई, पाट मांडा, पाट मांडा,
नवऱ्याच्या काकानंबी खाल्ला गं बाई, त्याला वाढा, त्याला वाढा!"

तुकाभाऊ लालबुंद झाले. आजी त्यांना म्हणाली, "काय रं तुक्या, तू कशावर वाढलास? पेढ्यांवर? तुझी आय नि मी संगं कंद खणला हाय."

तुकाभाऊंची आई पुतळीआजी कोपऱ्यात बसली होती. ती खुदकन हसली. मग थरथरत्या आवाजात तीच ओळ तिनं उचलली, "त्याला वाढा, त्याला वाढा!" बघता बघता सगळ्या बायका गाऊ लागल्या. मीही गायले, रडत रडत. तुकाभाऊंना पेला द्यावाच लागला.

सोमवारी मी तहसीलला गेले नाही, शेतात पेरणीआधीचा पालापाचोळ्याचा राब भाजायला गेले. निलमनं घराच्या भिंतीवर स्वतःच रंगवलं, 'कडूकंद पॅनेल'. आम्ही निवडून आलो आणि पहिल्याच ग्रामसभेत क्रशरला नाही म्हणालो.

तुकाभाऊंच्या घरून आजीला पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढची दोन लग्नं त्यांनी बाहेरची धवलेरी आणून लावली. मी कळवळून गेले, तर आजीनं मलाच झापलं. "लग्नं मरंस्तोवर गाईन. झरा गेला असता तं कुठनं आणला असता गं?"

पाऊस सरल्यावर तिनं कंद उकडून मला बोलावलं. आमच्या सासरी तो नेहमी दार लावून खात. त्या दिवशी निलमला शेजारी घेऊन मी आजीच्या उंबऱ्यावर बसून खाल्ला, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून.